कुठल्याही मशिनवर चालणारी फाईल

लिहायला बसलो आहे खरा, पण संकोच वाटतो. दिवाळी अंकात लिहिणारी माणसं वेगळी असतात, असं मी आजवर समजत आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही बहुतेक वेळ शेवटच्या बाकावर बसून आलो. पुढं तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं पानावर नीट लावून दिलं. स्वतःचं काही लावायची वेळ आली नाही. संपादकांनी तीनदा फोन केला आणि तिसऱ्यांदा नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. तेव्हा काही चुकलं तर दोष माझा, आणि कंटाळा आला तर थोडा त्यांचाही.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची आहे. मी जळगावला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉलेज सुटलं की नानांच्या प्रेसमध्ये काम करत होतो. नानांनी हयातभर खिळे जुळवून छपाई केली होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. मग सगळे घेतात म्हणून त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला, त्याच्याशेजारी चोवीस सुयांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ठेवला आणि दोघांवर पांढरं कापड घातलं. ते कापड काढायचा अधिकार फक्त मला होता. नाना मला नावानं हाक मारत नसत. "बीएस्सी, याचं काय म्हणणं आहे बघ," असं म्हणून ते कॉम्प्युटरकडे बोट दाखवायचे.

आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या एका सरांनी मुंबईहून काही फ्लॉप्या आणि एका मॅन्युअलची झेरॉक्स आणली होती. गणिताची पानं सुरेख लावणारा एक प्रोग्रॅम त्यात होता. सरांना वेळ नव्हता, मला होता. पहिलं समीकरण पडद्यावर बरोबर उमटायला मला तीन आठवडे लागले. ते छापून मी वसतिगृहाच्या खोलीत भिंतीला लावलं होतं.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. हा प्रोग्रॅम पान लावायचा, पण छापायचा नाही. लावलेलं पान तो एका फाईलमध्ये उतरवून द्यायचा. तिला आम्ही डीव्हीआय, म्हणजे डिव्हाइस इंडिपेन्डन्ट, म्हणायचो. त्या फाईलमध्ये चित्र नसतं, नुसत्या सूचना असतात. डावीकडून इतकं या, वरून इतकं खाली या, अमुक टाईपाच्या संचातलं अमुक नंबरचं अक्षर ठेवा, त्याच्या रुंदीइतकं पुढं सरका, मग पुढचं ठेवा. ही अंतरं इतकी बारीक मोजलेली असत, की तेवढं बारीक छापणारं मशीन तेव्हा जगात नव्हतं. आपल्याकडे कुठला प्रिंटर आहे याची त्या फाईलला खबरही नसे. म्हणून तर ती कुठल्याच यंत्राला बांधलेली नाही, असं तिच्या नावातच लिहिलेलं होतं. मॅन्युअलमधलं ते वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. आमच्यासारख्या मुलाला असं वाक्य फार आवडतं. आपणही कुठंही चालू, असं वाटतं.

त्या सुमाराला माझे वडील एकदा जळगावला आले होते. आबा दोंडाईच्याला मिरचीच्या पोत्यांची हमाली करायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण बिल्टीचा कागद बघून कुठला माल कुठं चालला हे ते सांगायचे. मी त्यांना पडदा दाखवला आणि म्हटलं, आबा, ही फाईल म्हणजे बिल्टी समजा. कुठली गोणी, कितवा नंबर, कुठं उतरवायची, सगळं हिच्यात आहे.

आबांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बिल्टी त भेटनी. पन मिरची कोठे शे?"

बिल्टी मिळाली, पण मिरची कुठं आहे, असा त्यांचा अहिराणीतला सवाल. नाना पलीकडून मोठ्यानं हसले. मीही हसलो. आबांना चहा पाजला आणि गाडीत बसवून दिलं.

त्यानंतर महिन्याभरात भामरे सर आले. ते धुळ्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, हातात डब्याची पिशवी. त्या पिशवीत डबा नव्हता, पीएच.डी.चा प्रबंध होता. नऊ वर्षांचा. त्या काळी गणिताचा प्रबंध टाईप करायची एक ठरलेली रीत होती. टायपिस्टाच्या मशिनवर गणिताची चिन्हं नसत, म्हणून तो तिथं मोकळी जागा सोडायचा, आणि मग प्रबंधाचा धनी घरी बसून शाईनं एकेक चिन्ह भरायचा. भामरे सरांनी तसंच केलं होतं. पण त्यांचं अक्षर असं, की त्यांच्या मार्गदर्शकांनी चाळीस पानं वाचून गठ्ठा परत दिला. म्हणाले, हे गणित आहे की मुंग्या गेल्यात, मला कळत नाही, लेझरवर छापून आणा.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण तारखेची होती. सरांच्या नोंदणीला तीनदा मुदतवाढ मिळाली होती आणि ही शेवटची होती. एका शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाच प्रती जळगावला विद्यापीठाच्या ऑफिसात पडल्या नाहीत, तर नोंदणी रद्द. मार्गदर्शक त्याच वर्षी निवृत्त होणार होते. म्हणजे नवे मार्गदर्शक, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून. सरांनी हे सगळं खाली बघत सांगितलं. शेवटी म्हणाले, "घरी आता विचारणं बंद केलंय त्यांनी."

मी दोन महिने तो प्रबंध लावला. एकशे बेचाळीस पानं झाली. आमच्या डॉट मॅट्रिक्सवर कच्च्या प्रती काढायचो, सर शनिवारी बसनं येऊन तपासायचे. चिन्हांवर बोट ठेवून ते पुटपुटत वाचायचे, आणि एखादं मोठं समीकरण बरोबर मध्यावर बसलेलं दिसलं की माझ्याकडे बघून मान हलवायचे. मला आजवर मिळालेल्या शाबासक्यांत ती मान मी वरच्या नंबरात धरतो.

लेझर प्रिंटर आमच्याकडे नव्हता. धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका प्रेसमध्ये होता, आणि आमचाच प्रोग्रॅम त्यांच्याकडेही होता. म्हणजे प्रश्नच नाही. मी डीव्हीआय फाईल फ्लॉपीवर घेतली, फ्लॉपीच्या लेबलवर निळ्या पेनानं सरांचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, 'कुठल्याही मशिनवर चालेल'. नानांनी विचारलं, बरोबर आणखी काही न्यायला नको का? मी म्हटलं, नाना, हीच तर गंमत आहे.

बुधवारी सकाळच्या बसनं धुळ्याला गेलो. प्रेसच्या दारात सर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आतल्या ऑपरेटर संगीताताई फार कामाच्या बाई होत्या. त्यांनी फ्लॉपी घातली, खटाखट बटणं दाबली, आणि दहा मिनिटांत गरम, गुळगुळीत पानं बाहेर पडायला लागली. सरांनी मला पेढा दिला. मी तो तोंडात टाकला आणि पान हातात घेतलं.

पान फार सुंदर होतं. इंग्रजी मजकूर कोरल्यासारखा. साधे एक्स, वाय, अधिक, उणे सगळं जागेवर. फक्त सरांच्या विषयाची जी खास चिन्हं होती, ती जिथं असायला हवी तिथं काहीच नव्हतं. पांढरी जागा. 'समजा, हा चा असा भाग आहे की प्रत्येक साठी', असं ते इंग्रजीत वाचता येत होतं.

सरांनी माझ्या हातातून पान घेतलं. उलटून पाहिलं, जणू चिन्हं मागच्या बाजूला गेली असतील. मग शांतपणे म्हणाले, "हे तर आमच्या टायपिस्टनंही करून दिलं असतं."

पेढा माझ्या तोंडात तसाच होता.

मी संगीताताईंना विचारलं, मशिननं काही सांगितलं नाही का? त्या म्हणाल्या, "सांगितलं ना. अमुक सापडत नाही, पुढं जाऊ का, असं एकवीस वेळा विचारलं. मी एकवीस वेळा एंटर मारलं. तुम्हीच तर लिहिलंय, कुठल्याही मशिनवर चालेल म्हणून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, पण तो आबांनी तीन महिन्यांपूर्वी पाडला असता तर बरं झालं असतं. आबांनी पाडला होताच, मी हसलो होतो. फाईलमध्ये अक्षरं नसतातच. कुठल्या संचातलं कितवं अक्षर आणि त्याची रुंदी किती, एवढंच तिला ठाऊक. अक्षराचा आकार ज्या त्या मशिनपाशी असावा लागतो. आमच्या मशिनपाशी ते संच होते, त्यांच्यापाशी नव्हते. बिल्टी पोचली, मिरची जळगावला राहिली. आणि जळगावची मिरचीही इथं चालणारी नव्हती, कारण आमच्याकडचे आकार आमच्या सुयांच्या मापाचे होते. लेझरच्या मापाचे नव्यानं बनवावे लागणार होते, आणि आमच्या कॉम्प्युटरला एकेक संच बनवायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. वीज दिवसातून तीन तास जायची, आणि गेली की चालू संच पहिल्यापासून.

एवढ्यात सरांनी खिशातलं पेन काढलं आणि टेबलावर वाकून ते मोकळ्या जागा भरायला लागले. नऊ वर्षांची सवय. पण टायपिस्ट ऐसपैस जागा सोडायचा, आणि या फाईलनं अगदी चिन्हाच्या रुंदीएवढीच सोडली होती. तिचं माप चुकत नव्हतं ना. सरांचं चिन्ह शेजारच्या शब्दावर चढलं. त्यांनी दुसरं काढून पाहिलं, तेही चढलं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते स्टुलावर बसले.

मी म्हणालो, सर, माझी चूक आहे. ते म्हणाले, "ते नंतर. शुक्रवारचं सांग."

 मी सगळी एकशे बेचाळीस पानं काढून घेतली, कारण नाही तर काय करायचं हे कळत नव्हतं. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाबांनी विचारलं, कसला कागद? मी म्हटलं, कामाचा. ते म्हणाले, चेहऱ्यावरून तसं वाटत नाही.

गुरुवारी सकाळी सर पहिल्या बसनं आले. मी नानांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते ओरडतील. पण नाना पानं एकेक करून चाळत बसले, आणि चाळता चाळता त्यांनी दोन गठ्ठे केले. ज्यांत मोकळी जागा नव्हती ती पानं एकीकडे, जिथं होती ती दुसरीकडे. पहिल्या गठ्ठ्यात एक्क्याऐंशी भरली, दुसऱ्यात एकसष्ट.

"एकसष्ट पानं आपल्या मशिनवर किती वेळात निघतील?" त्यांनी विचारलं.

आमचा डॉट मॅट्रिक्स असं पान दहा मिनिटांत काढायचा, एकेक ओळ दोनदा चालून. अख्खा प्रबंध त्यावर बसला नसता. बाईंडरला अर्धा दिवस हवा होता आणि वीज दुपारी तीन तास जाणार होती. पण एकसष्ट पानं बसत होती. मी तसं सांगितलं, आणि लगेच म्हणालो, पण नाना, अर्धी पानं एका मशिनची आणि अर्धी दुसऱ्या मशिनची कशी चालतील?

नाना म्हणाले, त्यात काय एवढं? खिळे कमी पडले की ते अर्धे फर्मे, म्हणजे पुस्तकाची अर्धी पानं, दुसऱ्या प्रेसवर लावायला द्यायचे. भुसावळला दिलेत, अमळनेरला दिलेत. "ओळीची लांबी सारखी पाहिजे, आणि एका पानाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जुळला पाहिजे. तुझं जुळतं का, बीएस्सी?"

मी धुळ्याचं सदतिसावं पान घेतलं आणि आमच्या मशिनवर अडतिसावं काढलं. सदतीस जिथं अर्ध्या वाक्यात तुटलं होतं, तिथूनच अडतीस सुरू झालं. कच्ची प्रत खिडकीच्या काचेवर धरून वर लेझरची प्रत ठेवली. ओळीवर ओळ, समासावर समास. एक केसही इकडे तिकडे नाही. मॅन्युअलमधलं ते वाक्य खोटं नव्हतं. मी ते अर्धवट वाचलं होतं. फाईल कुठलंच मशीन ओळखत नव्हती, आणि म्हणूनच दोन मशिनांवर तिनं एकच पान दिलं होतं. सरांनीही खिडकीशी येऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वरचं बटण काढलं आणि म्हणाले, सुरू कर.

फरक एकच होता. धुळ्याच्या लेझरचा टोनर संपत आलेला, त्यामुळे ती पानं फिकट राखाडी. आणि नानांनी या कामासाठी नवी कोरी रिबन काढली, त्यामुळे आमची पानं काळी कुळकुळीत, ठिपक्यांची. मी म्हटलं, थोडी वापरलेली रिबन लावू या का? नाना म्हणाले, गिऱ्हाइकाच्या महत्त्वाच्या कामाला मी जुनी रिबन लावणार नाही. यावर वाद चालला नसता.

गुरुवारी वीज वेळेवर गेली आणि उशिरा आली. उरलेली पानं शुक्रवारी सकाळी निघाली. झेरॉक्स, मग बाईंडर. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. तीन वाजता पाच प्रती हातात आल्या तेव्हा डिंक ओला होता. बाईंडर म्हणाला, रात्रभर दाबात ठेवा. सरांनी रिक्षा बोलावली, पाचही प्रती सीटवर एकावर एक रचल्या, वर वर्तमानपत्र अंथरलं आणि ते त्यांच्यावर बसले. मी त्यांच्या डोक्याचं टपापासून रक्षण करत शेजारी. खड्डा आला की सर म्हणायचे, चांगलंय, दाब बसतोय.

ऑफिसातल्या क्लार्कनं पहिली प्रत उघडली, पानावरून अंगठा फिरवला, दोन पानं उलटली, पुन्हा मागं आला. "दोन प्रेसवर छापलंय का हो?" मी प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली, की ही जी फाईल असते ती यंत्रनिरपेक्ष असते. सरांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. क्लार्कनं प्रती ठेवून घेतल्या, शिक्का मारला आणि रजिस्टरात शेरा लिहिला: पानांची छपाई एकसारखी नाही, परीक्षकांच्या निदर्शनास आणावे.

 स्टँडवर बसमध्ये चढताना सर म्हणाले, "काही कळलं तर मी कळवीन."

काहीच कळलं नाही. महिना गेला, चार गेले, दहा गेले. प्रबंध नाकारला असेल तर माझ्या लेबलमुळे नाकारला, हे मला माहीत होतं. नाना म्हणायचे, फोन कर. पण काय विचारणार? मी घरी जाताना धुळ्यावरून बसनं जायचो, ते बंद केलं आणि रेल्वेनं जायला लागलो, न जाणो सर स्टँडवर भेटले तर. माझी बीएस्सी झाली. पहिला वर्गही मिळाला. आबांनी दोंडाईच्यात सगळ्यांना सांगितलं. मला मात्र कुणी पेढा पुढं केला की त्या प्रेसमधलं पान आठवायचं.

मग एका दुपारी धुळ्याहून एक बाई आल्या. रसायनशास्त्र शिकवतात म्हणाल्या. पिशवीतून जाडजूड हस्तलिखित काढलं आणि नानांच्या टेबलावर ठेवलं.

"मला भामरे सरांसारखा प्रबंध पाहिजे. त्यांनीच पाठवलंय. सोपी पानं फिकट, अवघड पानं काळी."

मला वाटलं, मस्करी करायला पाठवलंय.  तरी विचारलं, सरांचं काय झालं?

"तुम्हाला माहीत नाही?" त्या माझ्याकडे आश्चर्यानं पाहत म्हणाल्या. गेल्या महिन्यात तोंडी परीक्षा झाली. डॉक्टर झाले ते. आणि एका परीक्षकांनी अहवालात मुद्दाम लिहिलंय, की कठीण सिद्धतांची पानं ठळक छापल्यामुळे वाचणारा आधीच सावध होतो, इतरांनीही असं करायला हरकत नाही. सरांनी तो परिच्छेद स्टाफरूममध्ये दोनदा वाचून दाखवला.

मी खरं काय घडलं ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नानांनी चष्मा लावला, हस्तलिखित स्वतःकडे ओढलं आणि बाईंपुढं एक तांबडी पेन्सिल ठेवली.

"यातली अवघड पानं कुठली," ते म्हणाले, "तेवढी खूण करून द्या, मॅडम."